दहावीची सवलत आठवीत सुरू होते

जानेवारीत तोंडी परीक्षांच्या धांदलीत कुणाचे तरी आईवडील प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला दिव्यांग दाखला घेऊन शाळेच्या कार्यालयात येतात. दाखला खरा असतो, बऱ्याचदा महिन्याभरापूर्वीच मिळालेला. पण बोर्डाचं आवेदनपत्र दिवाळीच्या आसपास भरून गेलेलं असतं आणि त्यातला दिव्यांगत्वाचा रकाना कोरा असतो. मग मुख्याध्यापकांचं पत्र, विभागीय मंडळात हेलपाटे, 'उद्या या'. कधी काम होतं, कधी नाही. झालं तरी ते मूल त्याची उत्तरं ऐकून लिहिणाऱ्या लेखनिकाशेजारी आयुष्यात पहिल्यांदा बसतं ते थेट मराठीच्या पेपरला, आणि पहिला तास 'सांग ना, काय लिहू' यातच जातो.

आम्ही माध्यमिक शाळांमध्ये विशेष शिक्षक म्हणून काम करतो. राज्य मंडळाच्या दहावीपर्यंत दिव्यांग मुलाला परीक्षेतल्या सवलतींसह पोहोचवताना काय कधी करावं लागतं आणि गाडी कुठे अडते, ते इथे क्रमाने लिहितो. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मार्चमध्ये जे बिघडतं, त्याचं कारण दीड वर्ष मागे सापडतं.

कायदा थोडक्यात. 'आरटीई चौदाव्या वर्षी संपलं, आता आमची जबाबदारी नाही' हे वाक्य नववीच्या प्रवेशाला हमखास ऐकू येतं. आरटीईची, म्हणजे मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याची, वयोमर्यादा ६ ते १४ आहे हे खरं. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याचं कलम ३१ वेगळं सांगतं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. जुन्या यादीत नसलेली स्वमग्नता (ऑटिझम) आणि अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण) आता त्यात आहेत. ही दोन कलमं झेरॉक्स काढून फाइलमध्ये ठेवावीत. तोंडी वादापेक्षा तो कागद जास्त बोलतो.

आता ओळखण्याबद्दल. चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, जाड भिंगाचा चष्मा या गोष्टी शाळेला दिसतात. अध्ययन अक्षमता दिसत नाही, आणि माध्यमिक शाळेत सगळ्यात उशिरा हात लागतो तो याच मुलांना. सातवीपर्यंत ती 'आळशी', 'अक्षर घाण', 'लक्ष नाही' या शेऱ्यांवर पुढे सरकत राहतात. आठवीत आम्ही जूनमध्येच तीन साध्या गोष्टी करून बघतो. पहिली: फळ्यावरचा उतारा पाच मिनिटं उतरवून घ्यायचा आणि शब्द मोजायचे. आकडा एकट्याने काही सांगत नाही, म्हणून त्याच वर्गातल्या पाच मध्यम मुलांचे शब्दही मोजायचे. निम्म्याच्या आसपास असेल तर पुढे बघायचं. दुसरी: सहावीच्या पुस्तकातला न शिकवलेला उतारा मोठ्याने वाचायला लावायचा. तिसरी सगळ्यात बोलकी असते. इतिहासाचा एकच प्रश्न आधी तोंडी विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी लेखी. तोंडी उत्तरात कारण येतं, परिणाम येतो, मधेच 'म्हणजे सर, त्यांना वाटलं असेल की' असंही येतं. लेखीत येते दीड ओळ, तीही प्रश्नातलेच शब्द फिरवून. या दोन उत्तरांमधली दरी तारीख टाकून जपून ठेवायची. पुढे दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञाला हीच हवी असते.

मूल तोंडीही अडखळत असेल तर घाई करू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. नंबर वाढलेला असतो, नाहीतर एका कानाने कमी ऐकू येत असतं, आणि वर्षभर सगळे भलत्याच दिशेने शोधत असतात.

दाखल्याची वाट यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या विशेष ओळखपत्राच्या, पोर्टलवरून जाते. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र या ऑनलाइन व्यवस्थेतूनच मिळतं. अर्ज भरायचा, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा जोडायचा, रुग्णालय निवडायचं आणि मग तपासणीला जायचं. कार्डावरच्या पट्टीचा रंग टक्क्यांप्रमाणे असतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि पुढे निळा. पांढरं कार्ड आलं की पालक हिरमुसतात आणि कपाटात टाकून देतात. तसं करू नये. शिष्यवृत्तीला आणि आरक्षणाला ४० टक्के लागतात, पण परीक्षेतल्या मदतीचा प्रश्न वेगळा आहे. लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट लावून लेखनिक नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात म्हटलं आहे. त्यानंतर केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो तो आजारात नव्हे, नावात. शाळेच्या जनरल रजिस्टरला 'आडनाव, नाव, वडिलांचं नाव' असतं, आधारवर 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव', आणि कुठेतरी वडिलांच्या नावातला 'राव' गळालेला किंवा जन्मतारखेतला महिना बदललेला. यूडीआयडी आधारवरून निघतं, बोर्डाचा अर्ज शाळेच्या नोंदीवरून. दोन्ही कागद एकाच मुलाचे आहेत हे संगणकाला कळत नाही आणि कारकुनाला कळलं तरी तो सही करत नाही. म्हणून यूडीआयडीचा अर्ज भरण्याआधी जन्मदाखला, जनरल रजिस्टरचा उतारा आणि आधार एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवायचं. शाळेच्या नोंदीत दुरुस्ती करायची तर शिक्षणाधिकारी कार्यालयापर्यंत जावं लागतं. आधार दुरुस्त करणं त्या मानाने सोपं. पण चूक कुठे आहे ते पाहून काय बदलायचं ते ठरवावं. सोपं म्हणून जन्मदाखल्याशी न जुळणारं आधार करून ठेवलं, तर पुढे अकरावीला पुन्हा तेच.

वाढत्या वयाच्या मुलांना दाखला बऱ्याचदा ठरावीक मुदतीचा मिळतो. मुदत कधी संपते ते बघा. दहावीच्या फेब्रुवारीत संपत असेल, तर नूतनीकरण आधीच्या उन्हाळ्यात सुरू करा.

अध्ययन अक्षमतेचं प्रकरण लांबतं, कारण तिथे एक तपासणी नसते, साखळी असते. बालरोगतज्ज्ञ, डोळे, कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या शैक्षणिक चाचण्या. लक्ष न टिकण्याची शंका असेल तर मानसोपचारतज्ज्ञही. मुंबईत सायन, नायरसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत हे होतं, पण एका फेरीत काही होत नाही. तारखा लागतात, आणि दहावीची मुलं धावत येतात त्या महिन्यांत रांग वाढते. जाताना शाळेचं पत्र, तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि वह्या न्यायच्या. वह्या कुठल्या? तर वर्गातल्या, अर्धवट राहिलेल्या, पेनने खोडलेल्या. पालक मोठ्या कौतुकाने मैत्रिणीकडून उतरवून घेतलेली, कव्हर घातलेली वही घेऊन जातात आणि तज्ज्ञांना त्यात काहीच सापडत नाही. शाळेचं पत्रही 'अभ्यासात कच्चा आहे' असं नको. कोणत्या विषयात, कशी चूक, किती दिवसांपासून, शाळेने काय करून पाहिलं, हे चार मुद्दे हवेत. चाचणी मुलाच्या शिक्षणाच्या माध्यमातून होते आहे का, हे आधी विचारून घ्यावं. मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजी स्पेलिंगवरून परीक्षा झाली, तर अक्षमता कुठली आणि न शिकवलेलं कुठलं हे वेगळं काढता येत नाही.

२०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांपासून देता येईल, १४ व्या आणि १८ व्या वर्षी फेरतपासणी लागेल, असं ठरवलं. चौदावं वर्ष म्हणजे आठवी-नववीच. तिसरीत काढलेला दाखला असलेल्या घरी लोक निर्धास्त असतात आणि नेमका तोच दहावीला जुना ठरतो.

दाखला येईपर्यंत शाळेने हात बांधून बसायचं कारण नाही. घटक चाचणीत जादा वेळ द्यायला बोर्डाची परवानगी लागत नाही. इथेच वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, आमच्या बोलण्यातला 'आयईपी', कामाला येतो. खरं सांगायचं तर बहुतेक फाइलींमधला आयईपी एकाच मुलाचा असतो, नाव बदलून वीस वेळा छापलेला. 'विद्यार्थ्याचे वाचन सुधारेल' हे उद्दिष्ट नव्हे, ती सदिच्छा झाली. 'ऑक्टोबरअखेर सातवीच्या पुस्तकातला १०० शब्दांचा उतारा दहापेक्षा कमी चुकांनी वाचेल. दर शुक्रवारी तपासणी. जबाबदारी अमुक शिक्षकांची' असं लिहिलं तर नोव्हेंबरमध्ये काहीतरी विचारता येतं. त्याच फाइलमध्ये आम्ही एक वेगळं पान ठेवतो: कोणत्या चाचणीत कोणती सवलत वापरली, तिच्याशिवाय किती गुण, तिच्यासकट किती. नववी संपेपर्यंत या पानावर सात-आठ ओळी जमतात आणि दहावीत कोणती सवलत मागायची याचा निम्मा निर्णय त्या पानावरच झालेला असतो. कित्येक मुलांना लेखनिकापेक्षा नुसत्या जादा वेळाने जास्त फायदा होतो, आणि हे आधी कुणालाच वाटलेलं नसतं.

विशेष शिक्षकाच्या तासिकेला मुलाला कोणत्या तासातून उठवायचं, यावर एक शब्द. सगळ्या शाळा खेळाचा नाहीतर चित्रकलेचा तास देतात. ज्या मुलाला दिवसभरात त्या एकाच तासाला शाबासकी मिळते, त्याच्याकडून तोच काढून घेतला तर ते तुमच्याकडे रागावूनच येणार. तिसऱ्या भाषेतून सूट घ्यायचं ठरत असेल, तर त्या विषयाचे तास वापरावेत.

फळ्यावरून उतरवण्यात ज्यांचा अर्धा तास जातो, त्यांना शिक्षकाच्या टिपणाची झेरॉक्स द्यावी. अल्पदृष्टीच्या मुलाला ठळक मोठा टाइप, खिडकीकडे पाठ नाहीतर बाजू, आणि वहीखाली तिरकी फळी. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाकडे पाठ करून फळ्याशी बोलायचं नाही, आणि यंत्राचे सेल दप्तरात जास्तीचे हवेत. ते एक-दोन आठवड्यांतच संपतात आणि संपल्याचं मूल सांगत नाही, नुसती मान हलवत राहतं. पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवलं नाही, तर ऑगस्टपर्यंत खरखर सुरू होते.

पैशांचं म्हणाल तर समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षणाच्या योजनेत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. ती बहुतेक साहित्य, उपकरणं, शिबिरं, मदतनीस यांच्या रूपाने येते. मुलींना महिना २०० रुपये, दहा महिने, असा भत्ता आहे. तो अडतो तो बँकेत. आधार जोडलेलं असतं भलत्याच खात्याला, किंवा खातं वापर नसल्याने बंद पडलेलं. नववी-दहावीसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही आहे. दिव्यांगत्व किमान ४० टक्के, पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढून ठेवावा. यूडायस या सरकारी ऑनलाइन माहितीसाठ्यातल्या शाळेच्या नोंदीत दिव्यांगत्वाचा प्रकार भरलेला नसेल, तर यातलं काहीच पुढे सरकत नाही. ती नोंद पालकांनी वर्गशिक्षकांसमोर बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

आता दहावीचं वर्ष. कोणत्या सवलती मागायच्या हे आवेदनपत्राच्या वेळी पक्कं हवं. जादा वेळ तासाला २० मिनिटं. म्हणजे तीन तासांच्या भाषेच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या गणित, विज्ञान किंवा भूगोलाच्या भागाला ४० मिनिटं. याशिवाय दिव्यांगत्वाच्या प्रकाराप्रमाणे लेखनिक, वाचक, आकृत्या-नकाशे-आलेखांतून सूट, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणकयंत्र, भाषेतून सूट, सवलतीचे वाढीव गुण अशा तरतुदी आहेत. प्रत्येक प्रकाराला काय लागू आहे याचं कोष्टक शासन निर्णयात आहे. शाळेकडून ते मागून घ्या आणि ऐकीव माहितीवर जाऊ नका.

अध्ययन अक्षमता असलेल्यांना बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सोय आहे. ही सवलत सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात महागडी. मूल सुटतं, घर सुटकेचा निःश्वास टाकतं, आणि दोन वर्षांनी कळतं की अभियांत्रिकी पदविकेसारख्या गणित लागणाऱ्या वाटा जवळजवळ मिटल्या आहेत. ज्याला संख्येचाच अर्थ लागत नाही त्याच्यासाठी ही सोय वरदान आहे. ज्याला गणित कळतं पण पायऱ्या लिहिताना आकडे उलटे पडतात, त्याला गणकयंत्र, जादा वेळ आणि लेखनिक देऊन नेहमीचं गणित ठेवावं. निदान पहिल्या सराव परीक्षेपर्यंत तरी प्रयत्न करावा. हा निर्णय मुलाला शेजारी बसवून घ्या.

लेखनिक. याच्यावर जितकं लिहावं तितकं कमी. लेखनिक दहावीचा चालत नाही, नववी किंवा त्याखालचा लागतो. शाळा स्वाभाविकपणे नववीतला पहिल्या तीन नंबरांतला मुलगा देते, आणि तिथेच चुकते. हुशार लेखनिकाला चुकीचं उत्तर लिहवत नाही. तो थांबतो, भुवया उंचावतो, 'नक्की?' असं डोळ्यांनी विचारतो. पर्यवेक्षकाच्या ते लक्षात येतं आणि विनाकारण संशय निर्माण होतो. आम्ही शोधतो तो सुवाच्य, भराभर लिहिणारा, त्याच माध्यमातला आणि थोडा निर्विकार मुलगा. त्याच्या आईवडिलांना आधीच सगळे पेपर, सगळ्या तारखा, उन्हातला प्रवास सांगून लेखी संमती घ्यायची. 'एवढे दिवस? त्याचा स्वतःचा अभ्यास?' हे तिसऱ्या पेपरच्या आदल्या रात्री ऐकण्यापेक्षा नोव्हेंबरमध्ये ऐकलेलं बरं. दुसरा लेखनिक राखीव ठेवून त्याचेही कागद, म्हणजे फोटो, बोनाफाइड आणि मुख्याध्यापकांची सही, तयार ठेवावेत. मार्चमध्ये कांजिण्या येतात.

जोडी जमवायला निदान आठ-दहा बैठका लागतात. पहिली पंधरा मिनिटांची, शेवटच्या दोन पूर्ण पेपरच्या. सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. लिहिताना वाक्य हाताबरोबर घडत जातं, सांगताना ते आधी डोक्यात पुरं करावं लागतं. मूल सुरुवातीला तुकडे फेकतं: 'म्हणजे ते... शेतकरी... कर... नाही, थांब, ते खोड.' म्हणून नियम ठरवायचे. पाच-सहा शब्द सांगायचे आणि थांबायचं. लेखनिकाने शेवटचे तीन शब्द हळू वाचून दाखवायचे. 'पूर्णविराम', 'नवी ओळ', 'खाली रेघ' हे सांगणाऱ्याने म्हणायचं. लेखनिकाने नजर कागदावर ठेवायची, सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही आणि मान हलवायची नाही.

गणिताला तर वेगळी बोलीच तयार करावी लागते. 'दोन एक्सचा वर्ग' म्हटलं की वर्ग फक्त एक्सचा की दोन एक्स या सगळ्याचा? 'वजा पाच अधिक तीन भागिले दोन' यात भागाकार कुठून सुरू होतो? आमच्या सरावात शब्द पक्के असतात: 'कंस सुरू', 'कंस बंद', 'वर', 'रेघ', 'खाली', 'मूळ सुरू', 'मूळ बंद'. वर्गसमीकरणाचं सूत्र मग असं येतं: 'वर, वजा बी, अधिक-वजा, मूळ सुरू, बी वर्ग, वजा, चार ए सी, मूळ बंद, रेघ, खाली, दोन ए.' एकदा जीभ वळली की मूल हे गाण्यासारखं म्हणतं. आकडे सुटे सुटे सांगायचे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर या दोन शब्दांनी जितके गुण घालवले असतील तितके सूत्र विसरल्याने गेले नसतील. इंग्रजी माध्यमाचा लेखनिक असेल तर 'सदुसष्ट' ऐकून तो सरळ शिक्षकांकडे बघतो. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. लेखनिकाच्या खोलीत मात्र आम्ही 'सहा-सात' असंच म्हणायला शिकवतो आणि भाषेची काळजी भाषेच्या तासाला करतो.

सहामाही आणि सराव परीक्षा लेखनिक, वेळ, वेगळी खोली अशा पूर्ण सवलतीनिशी झाल्याच पाहिजेत. तिथे कळतं की चार तास बसणं ही स्वतंत्र परीक्षा आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या मुलाचे स्नायू अडीच तासांनी आखडतात. लक्ष न टिकणारं मूल दोन तासांनी 'झालं माझं' म्हणून उठतं आणि जादा वेळ तसाच पडून राहतो. अशा मुलाच्या पेपरची आखणी घड्याळाप्रमाणे करावी लागते: पहिल्या तासात मोठे प्रश्न, मग पाच मिनिटं डोकं खाली ठेवणं, शेवटच्या तासात फक्त वस्तुनिष्ठ आणि राहिलेलं.

केंद्र कळलं की आठवडाभर आधी जाऊन यावं. तळमजला, उतार, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी, पंखा. जोडबाकात चाकाची खुर्ची जात नाही, सुटं टेबल लागतं. ते केंद्रसंचालकांना आधी सांगितलं तर मिळतं, अकराला पाच कमी असताना सांगितलं तर शिपाई शोधत बसतो. आणि खोली फाटकापासून लांब मागावी. कारण बाकीची मुलं दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतात आणि नेमकं त्यानंतर आपल्या मुलाचा हक्काचा एक तास सुरू होतो. बाहेर उत्तरं मोठमोठ्याने ताडून बघणं चालू असतं, रिक्षा भोंगे वाजवतात, वरच्या मजल्यावर बाकं सरकवतात. ज्यांना वेळ मिळूनही त्याचा उपयोग झाला नाही, त्यातल्या कितीतरी जणांनी आम्हाला हेच कारण दिलं.

बोर्डाच्या परवानगीपत्राच्या तीन प्रती: एक केंद्रावर देण्यासाठी, एक मुलाच्या प्रवेशपत्रासोबत, एक घरी. पर्यवेक्षक रोज बदलतो आणि प्रत्येकाला माहिती असतेच असं नाही. म्हणून मुलाला एक वाक्य पाठ नव्हे, समजून बोलता आलं पाहिजे: 'सर, मला अध्ययन अक्षमता आहे, मला एक तास जादा वेळ आणि लेखनिक मंजूर आहे, हे पत्र.' आवाज न कापता हे म्हणायला नववीतल्या घटक चाचण्यांपासूनच लावायचं. पालक फाटकाबाहेर असतात, आत त्यांचा उपयोग नसतो.

राज्य मंडळाची दहावी प्रत्येकासाठी नाही, हे शाळांनी नववीच्या दिवाळीपर्यंत मोकळेपणाने सांगावं, निकालाच्या दिवशी नव्हे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला नववीत दोनदा बसवण्यात काही साधत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत पाच विषय निवडता येतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक-दोन दोन विषय करून पुढे जाता येतं. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. फक्त 'ओपनला टाकलं' म्हणजे सुटलो असं होत नाही. तिथे रोजची शाळा नसते, शिकवणार कोण याचं उत्तर आधी शोधावं लागतं, आणि मुलाची मित्रमंडळी एका दिवसात तुटतात. शक्य असेल तर शाळेनेच त्याला ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात दुपारचं काही काम देऊन धरून ठेवावं.

दहावी झाली की फाइल बंद करू नका, कारण पुढचं वळण अठराव्या वर्षी आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत सही अडली की हे कळतं. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. ज्याला निर्णय स्वतः घेता येतात त्याच्यावर मात्र हे पालकत्व लादू नये. आणि अध्ययन अक्षमतेच्या मुलांचं अठरावं वर्ष बहुतेक बारावीत नाहीतर त्याच्या काठावर पडतं. दाखल्यावर 'वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत वैध' असं असेल आणि वाढदिवस डिसेंबरात असेल, तर आवेदनपत्र भरताना दाखला जिवंत असतो आणि परीक्षेच्या दिवशी नसतो. अकरावीची वार्षिक परीक्षा संपली की त्याच आठवड्यात फेरतपासणीबद्दल विचारून तारीख घ्यायची, आणि जाताना अकरावीच्या वर्गातल्या वह्या न्यायच्या, त्याही कव्हर न घातलेल्या.